दुसऱ्यांच्या लेकरांसाठी बांधलेले घर
(डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांची जीवनकथा)



मंडळीतील एखाद्या घरी मूल जन्मले की ती आनंदाची बातमी रविवारच्या उपासनेपूर्वीच सर्वांच्या कानी पोहोचते. पाळकसाहेब प्रार्थना करून येतात. भगिनी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर घेऊन जातात. शब्बाथ शाळेतील मुले बाळाचे नाव काय ठेवणार म्हणून विचारीत राहतात. पण कधी कधी आनंदाच्या बातमीमागून एक कुजबुजही येते. बाळाचा चेहरा काही निराळा दिसतो, ते नीट दूध ओढत नाही, अंग अगदी सैल आहे, डॉक्टरांनी काहीतरी सांगितले आहे, असे लोक एकमेकांना सांगू लागतात. मग भेटीला जाणारी पावले अडखळतात. तिथे जाऊन काय बोलावे हेच कळत नाही, म्हणून पुष्कळजण जातच नाहीत. त्या घरातील आईबाप मात्र आपल्याला मंडळीने टाकले असे समजून दार लावून घेतात.

अशा वेळी मनात येणारा पहिला प्रश्न फार जुना आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला तोच प्रश्न केला. दोष कोणाचा, ह्याचा की ह्याच्या आईबापांचा? प्रभूने तो हिशेबच मोडीत काढला. त्या माणसाच्या ठायी देवाचे कार्य प्रकट व्हायचे आहे याकडे त्याने शिष्यांचे लक्ष वळवले आणि लगेच तो कामाला लागला. दोष कोणाचा, हा शिष्यांचा प्रश्न होता. आता काय करता येईल, हा प्रभूचा मार्ग होता.

ह्या दुसऱ्या प्रश्नासाठी ज्याने आपले आयुष्य वेचले अशा एका डॉक्टराची हकीगत आम्ही ह्या अंकी सांगणार आहोत. त्याचे नाव आज जगभरच्या प्रसूतिगृहांत रोज घेतले जाते, पण ते एका माणसाचे नाव आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. 'डाऊन सिंड्रोम' हे शब्द आपण ऐकतो. ते डाऊन म्हणजे डॉ. जॉन लँग्डन डाऊन.

पावसातली झोपडी

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तेथे प्लिमथ बंदराच्या पलीकडच्या काठावर टॉरपॉइंट हे लहानसे गाव. तेथे 18 नोव्हेंबर 1828 रोजी जॉनचा जन्म झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते. घरची स्थिती बेताची, त्यामुळे शाळा लवकरच सुटली आणि कोवळ्या वयातच जॉन वडिलांच्या हाताखाली दुकानात उभा राहिला. पुड्या बांधणे, बाटल्या भरणे, गिऱ्हाइकाला हवे ते देणे, हेच त्याचे शिक्षण. पुढे काही मोठे होईल असे त्या पोराकडे पाहून कोणी म्हटले नसते.

तो अठरा वर्षांचा असताना एक लहानशी गोष्ट घडली. घरच्या मंडळींबरोबर तो सहलीला गेला होता. एकाएकी जोराचा पाऊस आला, म्हणून सर्वांनी एका झोपडीत आसरा घेतला. तेथे एक मुलगी त्यांची सरबराई करू लागली. ती मंदबुद्धीची आहे हे पाहताक्षणीच कळत होते. इतरांनी पाऊस थांबण्याची वाट पाहिली असेल, थोडी हळहळही केली असेल. जॉनच्या मनात मात्र एक प्रश्न रुतून बसला. हिच्यासाठी काहीच करता येणार नाही काय? त्या दिवशी त्याच्यापाशी उत्तर नव्हते. त्याच्यापाशी डॉक्टरची पदवी नव्हती, ज्ञान नव्हते, पैसाही नव्हता. पण त्या मुलीचा चेहरा तो विसरला नाही. पुष्कळ वर्षांनी, नामांकित डॉक्टर झाल्यावरही, आपल्या कार्याचा उगम तो त्या पावसातल्या झोपडीत दाखवीत असे.

येथे क्षणभर थांबून विचार करावा असे आम्हांला वाटते. देवाचे पाचारण पुष्कळदा मोठ्या सभेत किंवा दृष्टान्तात येत नाही. ते पाहुण्यांपुढे उभ्या असलेल्या एका अबोल मुलीच्या रूपाने येते, आणि आपण पाऊस थांबला का एवढेच पाहत बसलो तर ते निघूनही जाते.

दुकानातून इस्पितळाकडे

जॉन लंडनला गेला. प्रथम एका शल्यवैद्याच्या हाताखाली आणि मग औषधनिर्मात्यांच्या संस्थेच्या प्रयोगशाळेत त्याने काम केले. मध्येच प्रकृती ढासळली आणि त्याला घरी परतावे लागले. 1853 साली वडील वारले. तेव्हा पंचविशीच्या उंबरठ्यावर असताना, ज्या वयात इतर तरुण पदवी घेऊन बाहेर पडतात त्या वयात, त्याने लंडन हॉस्पिटलच्या वैद्यकशाळेत विद्यार्थी म्हणून नाव घातले. तेथे त्याने एकामागून एक पारितोषिके मिळवली आणि 1856 साली तो डॉक्टर झाला.

आता त्याच्यापुढे उत्तम भवितव्य होते. लंडनमध्ये मोठा दवाखाना, श्रीमंत रोगी, मानमरातब, सारे काही मिळण्यासारखे होते. परंतु 1858 साली त्याने सरे परगण्यातील अर्ल्सवुड आश्रयगृहाच्या वैद्यकीय अधीक्षकाची जागा पत्करली. ते मंदबुद्धी मुलामाणसांसाठी असलेले आश्रयगृह होते. त्या काळी अशांना इंग्रजी कायद्यात आणि वैद्यकात जो शब्द वापरीत तो आज शिवी म्हणून वापरला जातो. म्हणून येथे तो आम्ही लिहीत नाही. अशा ठिकाणी जाणे म्हणजे हातची कीर्ती घालवणे असे त्याच्या हितचिंतकांना वाटले. हे लोक बरे होत नाहीत, मग डॉक्टराने तेथे जाऊन करायचे काय, अशी सर्वांची समजूत होती.

अर्ल्सवुडचे दिवस

हे आश्रयगृह ज्यांच्या खटपटीने उभे राहिले ते अँड्र्यू रीड हे लंडनमधील काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक होते, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. आधी हायगेट येथे एका घरात ही मुले ठेवली होती. पुढे अर्ल्सवुडची मोठी इमारत बांधून 1855 साली ती उघडली. लोकांच्या वर्गणीवर ते काम चालत असे. जागा थोड्या आणि गरजू फार, म्हणून कोणाला आत घ्यावे हे वर्गणीदारांच्या मतांवर ठरे. आपल्या अपंग लेकरासाठी गरीब आईबापांना दारोदार मते मागत फिरावे लागे. दया करायची तीही मते मोजून! हेतू चांगला असूनही आपली दानधर्माची व्यवस्था दुःखितांना किती लाजवू शकते, ते ह्यावरून दिसते.

डॉ. डाऊन तेथे गेले तेव्हा संस्थेची अवस्था चांगली नव्हती. सरकारी तपासनिसांनी तिच्याविषयी नापसंतीचे शेरे दिले होते. इमारत भव्य, पण आतील मुलांची स्वच्छता, खाणेपिणे आणि शिकवणे यांत हयगय होती. डॉ. डाऊन यांनी पहिली गोष्ट केली ती ही की मारहाण बंद केली. कोणत्याही मुलाला शिक्षा म्हणून हात लावायचा नाही, असा त्यांनी सक्त नियम घातला आणि तो मोडणाऱ्या नोकराची गय केली नाही. त्यांनी हवा आणि उजेड आत येऊ दिला. इतर माणसांप्रमाणे ह्या मुलांनीही टेबलाशी बसून काट्याचमच्याने जेवावे अशी तजवीज केली. आज ही गोष्ट आपल्याला क्षुल्लक वाटेल, पण ज्याला कोणी माणूस म्हणून मोजत नाही त्याच्या हातात चमचा देणे म्हणजे तू आमच्यातलाच आहेस असे त्याला सांगणेच होय.

शिकवण्याची त्यांची रीतही निराळी होती. आधी शरीराला वळण, मग हातांना, मग जिभेला, आणि शेवटी अक्षरांना, असा त्यांचा क्रम होता. अंग सैल असेल तर चालण्याचे आणि पायऱ्या चढण्याचे व्यायाम. बोलणे अस्पष्ट असेल तर जिभेचे आणि ओठांचे व्यायाम. गुंड्या लावणे, बुटाचे बंद बांधणे, आपले कपडे आपण घालणे, हेही धडे म्हणूनच शिकवले जात. नाणी आणि वजने शिकवायची तर फळ्यावर आकडे लिहून नव्हे, तर दुकान मांडून. एक मूल दुकानदार, दुसरे गिऱ्हाईक, तागडी आणि खरोखरच्या वस्तू. औषधांच्या दुकानात वाढलेल्या ह्या डॉक्टराला तो धडा चांगलाच जमत असणार! आमच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ही रीत अवश्य मनावर घ्यावी. जे कानाने कळत नाही ते हाताने कळते.

अर्ल्सवुडमध्ये जेम्स हेन्री पुलन नावाचा एक तरुण होता. त्याला ऐकू येत नसे आणि बोलणेही फारसे येत नसे. परंतु त्याच्या हातात सुतारकामाची विलक्षण कला होती. डॉ. डाऊन यांनी त्याला उत्तेजन दिले आणि त्याच्या कलेने वागू दिले. पुढे पुलनने 'ग्रेट ईस्टर्न' ह्या त्या काळच्या प्रचंड आगबोटीची अशी हुबेहूब प्रतिकृती तयार केली की ती पाहून लोक थक्क झाले. प्रत्येकात असा कारागीर दडलेला असतो असे नाही. परंतु पुलनकडे जो बहिरा, अडाणी पोर म्हणूनच पाहत राहिला असता, त्याला ती आगबोट कधीच दिसली नसती.

1860 साली डॉ. डाऊन यांचा मेरी क्रेलिन यांच्याशी विवाह झाला. ह्या बाईंचा वाटा सांगितल्याशिवाय ही हकीगत पुरी व्हायची नाही. अर्ल्सवुडमध्ये मेरीबाई वेतन न घेता दिवसरात्र खपल्या. मुलांचे कपडे, खाणे, करमणूक, आजारपण, सारे त्यांनी आपल्या अंगावर घेतले. नवऱ्याच्या नावाने रोग ओळखला जातो, पण मुलांना प्रेमाने जवळ घेणारे हात पुष्कळदा मेरीबाईंचे होते.

बारीक नजर आणि एक मोठी चूक

डॉ. डाऊन यांची नजर फार बारीक होती. प्रत्येक मुलाची मापे घ्यावी, जन्माची हकीगत आईबापांना विचारून लिहून ठेवावी, त्याचे छायाचित्र घ्यावे, असा त्यांचा शिरस्ता होता. छायाचित्रकला तेव्हा अगदी नवी होती. त्यांनी मुलांना नीटनेटके कपडे घालून, सभ्य माणसांची घेतात तशी त्यांची चित्रे घेतली.

असे पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले की पुष्कळ मुलांचे एकमेकांशी सख्ख्या भावंडांसारखे साम्य आहे. डोळ्यांची ठेवण, लहान नाक, सपाट चेहरा, सैल अंग, सारे सारखेच. ही मुले निरनिराळ्या घरांतली, तरी जणू एकाच कुटुंबातली. 1866 साली त्यांनी ह्याविषयी लेख लिहिला. ही अवस्था जन्मापूर्वीपासूनच असते, जन्मानंतरच्या कोणत्याही अपघाताने ती येत नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. ही मुले नकला करण्यात पटाईत असतात, विनोदी आणि प्रेमळ असतात, आणि योग्य शिक्षणाने लोकांना वाटते त्याहून कितीतरी अधिक शिकतात, हेही त्यांनी लिहून ठेवले. हे सारे बरोबर होते.

परंतु त्याच लेखात त्यांची एक मोठी चूक झाली. ह्या मुलांचे चेहरे त्यांना मंगोलियातील लोकांसारखे वाटले, म्हणून त्यांनी ह्या अवस्थेला त्या लोकांचे नाव दिले, आणि आईबापांच्या क्षयरोगामुळे मूल एका वंशातून दुसऱ्या वंशात उतरते अशी उपपत्ती मांडली. त्यांच्या मनात द्वेष नव्हता. उलट, गुलामगिरीचे समर्थन करणारे काही पंडित मानवाचे निरनिराळे वंश मुळातच वेगळे आहेत असे म्हणत. ते खोटे आहे, सारी मानवजात एकच आहे, हे दाखवण्यासाठी त्यांनी ही मांडणी पुढे केली. तरीही उपपत्ती चुकीची होती, आणि तिने एका सबंध राष्ट्राचा व लाखो मुलांचा अपमान शंभर वर्षे चालवला.

पुढे 1959 साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी खरे कारण जाहीर केले. आपल्या प्रत्येक पेशीत 46 गुणसूत्रे असतात, ह्या मुलांत 21 व्या क्रमांकाचे एक जादा असून एकूण 47 असतात. त्यात आईचे पाप नाही, बापाचा दोष नाही, ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे होत नाही, कोणाची नजर लागूनही होत नाही. आईचे वय वाढते तसा ह्याचा संभव वाढतो हे खरे, पण तरुण आयांच्या पोटीही अशी मुले येतात. 1961 साली काही तज्ज्ञांनी एका वैद्यकीय साप्ताहिकात पत्र लिहून ते जुने नाव टाकून द्यावे अशी सूचना केली. त्या पत्रावर सही करणाऱ्यांत डॉ. डाऊन यांचे एक नातू, नॉर्मन, हेही होते. आजोबांची चूक नातवाने सुधारली. 1965 साली मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनेही ते नाव सोडले आणि डॉ. डाऊन यांचे नाव सर्वमान्य झाले.

आम्ही ही चूक मुद्दाम सांगत आहोत. हे कशामुळे झाले, ह्याचे उत्तर देताना तो भला माणूस चुकला. पण ह्याच्यासाठी काय करता येईल, ह्याचे उत्तर त्याने आपल्या हातांनी दिले आणि ते टिकले. कारणे शोधण्याचे काम शास्त्रज्ञांनी करावे, ते त्यांचे कामच आहे. मंडळीला मात्र बाळाच्या पाळण्याशी उभे राहून कारणे सांगण्याचा अधिकार कोणी दिलेला नाही.

नॉर्मन्सफील्ड

1867 साली पॅरिस येथे मोठे प्रदर्शन भरले होते. अर्ल्सवुडच्या मुलांच्या हातच्या वस्तू तेथे मांडाव्यात असे डॉ. डाऊन यांना वाटले. ह्या खर्चावरून व्यवस्थापक मंडळाशी मतभेद झाला. मेरीबाईंच्या श्रमांची कदरही त्या मंडळाने केली नाही. शेवटी 1868 साली पतिपत्नींनी अर्ल्सवुड सोडले आणि लंडनजवळ हॅम्प्टन विक येथे एक घर विकत घेऊन आपले स्वतःचे काम सुरू केले. एका मित्राच्या नावावरून त्या घराला नॉर्मन्सफील्ड हे नाव दिले. आरंभी तेथे वीसही मुले नव्हती. पुढे जागा वाढत गेली आणि मुलेही वाढत गेली.

हे घर मुख्यतः पैसे देऊ शकणाऱ्या कुटुंबांसाठी होते, हे खरे आहे ते सांगितले पाहिजे. पण श्रीमंतांच्या घरीही अशा मुलांचे हाल काही कमी नव्हते. मोठ्या वाड्यांतून ही मुले माडीवरच्या खोलीत लपवून ठेवीत आणि पाहुण्यांपुढे त्यांचे नावही काढीत नसत. डॉ. डाऊन यांचे म्हणणे असे की मुलाला एकटे ठेवले तर त्याचे आहे तेही कमी होते. त्याला सोबती हवेत, खेळ हवा, काम हवे, संगीत हवे. नॉर्मन्सफील्डमध्ये बाग होती, शेत होते, कार्यशाळा होत्या. 1879 साली तेथे एक सुंदर नाट्यगृह उघडले. गाणे, वाद्य किंवा अभिनय येणाऱ्या माणसांना तेथे नोकरीस घेताना पसंती मिळे. त्याच दिवाणखान्यात उपासनाही होत.

याच सुमारास लंडनमध्ये डॉ. डाऊन यांची कीर्ती वाढली होती. लांबून लांबून आईबाप मूल कडेवर घेऊन त्यांच्याकडे येत. जन्मताच न रडलेली, उशिरा श्वास घेतलेली, झटके आलेली, मान न धरणारी, अशी नाना प्रकारची मुले ते पाहत आणि प्रत्येकाची हकीगत नोंदवीत. त्या काळी काही विद्वान म्हणत की स्त्रिया फार शिकल्या तर त्यांच्या पोटी मंदबुद्धी मुले येतील. डॉ. डाऊन यांनी हे मत साफ झिडकारले आणि स्त्रीशिक्षणाची बाजू घेतली. आईवर ठपका ठेवण्याची जगाची खोड त्यांना मान्य नव्हती.

त्यांच्या स्वतःच्या घरीही दुःख आले. एक मुलगी बालपणीच गेली आणि थोरला मुलगा ऐन तारुण्यात अपघाताने गेला. तरीही नॉर्मन्सफील्डचे दरवाजे बंद झाले नाहीत. 1890 साली इन्फ्लुएंझाने ते फार आजारी पडले आणि त्यानंतर पूर्वीची प्रकृती राहिली नाही. 7 ऑक्टोबर 1896 रोजी सकाळी न्याहारीच्या वेळी ते एकाएकी कोसळले आणि त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. मेरीबाईही त्यांच्यामागे फार वर्षे जगल्या नाहीत. रेजिनाल्ड आणि पर्सिव्हल हे दोघे मुलगे डॉक्टर झाले होते. त्यांनी आईबापांचे काम पुढे चालवले.

नातू जॉन

आता ह्या हकीगतीतील जी गोष्ट आमच्या मनाला सर्वांत भिडली ती सांगतो.

1905 साली रेजिनाल्ड यांना मुलगा झाला. आजोबांच्या नावावरून त्याचे नाव जॉन ठेवले. आणि ह्या बाळाच्या चेहऱ्यावर तीच चिन्हे होती जी त्याच्या आजोबांनी 1866 साली प्रथम लिहून ठेवली होती. रेजिनाल्ड स्वतः ह्या अवस्थेचे जाणकार. अशा मुलांच्या तळहातावर पुष्कळदा एकच आडवी रेघ असते, ही खूण त्यांनीच नोंदवली आहे. आपल्याच लेकराचा तळहात त्यांनी किती वेळा उघडून पाहिला असेल!

वाचकहो, आजोबांनी आणि आजीने जे घर चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी उभारले होते, त्याच घराच्या छायेत त्यांचा नातू आला. आपल्या घरी असे बाळ येईल म्हणून त्यांनी ते बांधले नव्हते. त्यांना ते ठाऊकही नव्हते, ते दोघेही तेव्हा हयात नव्हते. पण बाळ आले तेव्हा घर तयार होते. माणसे तयार होती. त्याला कोणी माडीवर लपवले नाही. तो आपल्या माणसांत वाढला, प्रेमात वाढला आणि 1970 सालापर्यंत, म्हणजे पासष्ट वर्षे जगला. अशी मुले तेव्हा बहुधा लहानपणीच दगावत.

आमच्या मंडळ्यांनी हा धडा घ्यावा. घर बाळ येण्याआधी बांधावे लागते. कुजबुज सुरू झाल्यावर प्रेम शिकायला बसलो तर उशीर होतो.

आज आपल्याला काय करता येईल

डॉ. डाऊन यांच्या काळी मुलाला मदत हवी तर त्याला आईबापांपासून दूर संस्थेत पाठवावे लागे. आजचे ज्ञान सांगते की मुलाची पहिली शाळा आईची मांडी आहे, आणि मदत त्या मांडीपर्यंत पोहोचली पाहिजे. पहिल्या दोनतीन वर्षांत मेंदूची वाढ सर्वांत झपाट्याने होते. म्हणून बघू, मोठे झाल्यावर होईल आपोआप, असे म्हणून वेळ दवडू नये. हे केवळ डाऊन सिंड्रोमच्या बाळांबद्दल नव्हे. दिवस भरण्याआधी जन्मलेली, वजनाने फार कमी, जन्मताच न रडलेली, जोराची कावीळ किंवा झटके येऊन गेलेली बाळे, ह्या सर्वांवर विशेष लक्ष ठेवावे लागते. दोन महिन्यांच्या सुमारास बाळ ओळखीचे हसते, चार महिन्यांच्या सुमारास मान धरते, नवव्या महिन्यापर्यंत बसते, दीड वर्षापर्यंत चालते. ह्यात फार मागे पडत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. मागे पडणे म्हणजे सर्व संपले असे नव्हे. डाऊन सिंड्रोमची बहुतेक मुले चालतात, बोलतात, पुष्कळजण वाचायलाही शिकतात, फक्त उशिराने.

अशा बाळाचे हृदय लवकर तपासून घेणे अगत्याचे आहे, कारण सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि पुष्कळांचा शस्त्रक्रियेने दूर होतो. कान, डोळे आणि थायरॉइड यांचीही तपासणी वेळोवेळी व्हावी. भारत सरकारने 2013 साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याखाली जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उघडली गेली आहेत. आपण गोव्यात असा, बेळगावी असा, इंदूर, ग्वाल्हेर वा बडोद्यास असा, जिल्हा रुग्णालयात ह्या केंद्राची चौकशी करावी. हैदराबादच्या बंधुभगिनींना तर जवळच सिकंदराबाद येथे 1984 साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे.

परंतु तपासणी आणि व्यायाम यांच्या पलीकडे एक गोष्ट आहे जी कोणतेही रुग्णालय देऊ शकत नाही, ती मंडळीनेच द्यायची असते. आम्ही ती थोडक्यात मांडतो.

पहिल्याच आठवड्यात भेटीला जा आणि इतर बाळंतिणीला देता तशाच शुभेच्छा द्या. ते बाळ आहे, आजार नव्हे. त्याला हातात घ्या, त्याच्या नावाने हाक मारा. दोष कोणाचा हे विचारू नका आणि कुठल्या तरी घरी असेच झाले होते अशा गोष्टी सांगत बसू नका. बाप गप्प असतो म्हणून त्याला दुःख नाही असे समजू नका, बांधवांपैकी कोणीतरी त्याच्याजवळ बसा. आईबरोबर रुग्णालयात जाण्यासाठी भगिनी मंडळाने पाळी लावावी. ती व्यायामाला गेली असता थोरल्या मुलांना जेवू घालावे. आपल्या मंडळीच्या रीतीप्रमाणे बाळाचा बाप्तिस्मा असो की समर्पण, ते इतर बाळांप्रमाणे भर उपासनेत व्हावे, मागच्या दाराने नको. प्रार्थना जरूर करा, पण प्रार्थना करा आणि औषधोपचार सोडा असे कोणाला सांगू नका. लूक स्वतः वैद्य होता.

आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, ते मूल तीनचार वर्षांचे झाले की तुमच्या वर्गात त्याची जागा राखून ठेवा. त्याला सुवर्णवचन पाठ होणार नाही कदाचित. पण टाळ्या वाजवता येतील, चित्र रंगवता येईल, दानाची थैली फिरवता येईल. इतर मुलांना त्याच्यापासून जे शिकता येईल ते तुमच्या धड्यातही नसेल.

त्या पावसात झोपडीत थांबलेला तरुण मुलगा निघून गेला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण एक प्रश्न त्याने बरोबर नेला आणि त्यातून एक घर उभे राहिले. आपल्याही मंडळीत असे एखादे दार ह्या क्षणी लावून घेतलेले असेल. ह्या आठवड्यात आपण ते ठोठावू या. प्रभू आपणांस तशी बुद्धी व प्रीती देवो. आमेन.